शेजारशेजारच्या दोन खुर्च्या

व्हिएन्नाहून पत्र आलं की अप्पा ते ओटीवर झोपाळ्यावर बसून, खाकरून, मोठ्यानं वाचत. पाकिटावर नाव सुनेचं असलं तरी. त्यांचा एकुलता मुलगा डॉक्टर रघुनाथ डोळ्यांच्या शस्त्रक्रिया शिकायला तिकडे गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्याचं पत्र ही सगळ्या आळीची वस्तू आहे, असं अप्पा मानत. अनसूया निळूला कडेवर घेऊन माजघराच्या दारात उभी राही आणि स्वतःच्या नवऱ्याचं पत्र सासऱ्याच्या तोंडून ऐके. मागाहून ते पत्र तिच्या हाती येई तेव्हा त्यात तिच्यासाठी राखलेलं असं काही उरलेलं नसे.

त्या दिवशीचं पत्र लांबलचक होतं. नवरात्र तोंडावर आलं होतं, पावसाळ्यात बंद पडलेल्या आगबोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि शेवटचे चार महिने बायकोनं तिकडे येऊन राहावं हे डॉक्टरांनी वैशाखातच लिहून कळवलं होतं. मुंबईहून सुटणाऱ्या इटालियन बोटीवर अनसूयेची जागाही धरून झाली होती. राहिला होता तो निळू. सव्वादोन वर्षांचं पोर. 'निळूचं काय ते सर्वांनी मिळून ठरवा,' असं डॉक्टरांनी तेव्हा लिहिलं होतं, आणि सर्वांनी मिळून काहीच ठरवलं नव्हतं. तो इथंच राहणार हे अप्पा आणि सासूबाई धरून चालले होते. तो बरोबर येणार हे अनसूया मनात धरून होती. उघड कुणीच बोललं नव्हतं. म्हणून तर तिच्या पासपोर्टावर निळूचं नाव घालून घेतलं होतं. असू दे, लागलं तर, असं म्हणून.

"ऐका आता," अप्पा म्हणाले आणि चष्मा सारखा केला.

डॉक्टरांनी ऑपेराची तिकिटं काढली होती. अनसूया पोचेल त्याच्या तिसऱ्या संध्याकाळची. कुणी नामांकित गाणारी बाई परगावाहून येणार होती, म्हणून दीड महिना आधीच तिकिटं सुटली होती. घरमालकीण म्हणाली होती, दलालाकडून घ्या, जास्त पडेल पण उभं राहायला नको. पण डॉक्टरांना दलालाचं वावडं. भल्या सकाळी थंडीत ते खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले. 'दोन, शेजारशेजारच्या,' एवढं जर्मन वाक्य वाटेवर घोकून गेले होते, आणि ऐन खिडकीशी ते विसरले. मग दोन बोटं वर केली आणि ती एकमेकांना चिकटवून दाखवली. खिडकीतला म्हातारा हसला. त्यानं खुर्च्यांचा नकाशाच पुढं सरकवला, दोघंही मोठी माणसंच ना म्हणून विचारलं, कारण लहान मुलांना आत सोडत नाहीत, आणि तिसऱ्या गॅलरीतल्या लगतच्या दोन जागांवर खूण केली. ज्यांना एवढे पैसे परवडत नाहीत ते मागं उभं राहून ऐकतात, हेही डॉक्टरांनी लिहिलं होतं. त्यांची गंमत अशी, की दार उघडलं की ते धावत जाऊन कठड्याला आपला हातरुमाल बांधतात आणि खुशाल बाहेर फिरायला जातात. रुमाल बांधला की ती जागा त्याची. दुसरं कुणी तिथं उभं राहत नाही.

"म्हणजे त्यांच्यातही प्रस्थान ठेवतात म्हणायचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

पायरीवर बसून वाल सोलणाऱ्या शेजारच्या यमुनाबाई हसल्या. अनसूयेकडे बघून म्हणाल्या, "अगो, आम्ही जन्मभर नाटकं पाहिली, पण नवरा खुर्चीत नि आम्ही चिकाच्या पडद्याआड. घरी आल्यावर कळायचं की त्यानंही तेच नाटक पाहिलंन. तू बघ, मांडीला मांडी लावून बसत्येस."

सगळे हसले. अनसूयाही हसली. निळूची मूठ तिच्या मंगळसूत्रात अडकली होती ती तिनं हळूच सोडवली. दोन बोटं, एकमेकांना चिकटवलेली. खिडकीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. पत्राच्या शेवटी 'निळूस गोड पापा' होता. तो मागच्याही पत्रात होता, त्याच्या मागच्याही.

"चला, निकाल लागला," अप्पा पत्राची घडी घालत म्हणाले. "तिकीट काढून झालं म्हणजे झालं. पोर इथं राहील. चार महिने म्हणजे काय मोठंसं."

तिनं काहीतरी बोलायला हवं होतं. पुण्याच्या कॉलेजात वादविवादात बक्षीस मिळवलेली मुलगी ती. पण ओटीवर सासरे, पायरीवर यमुनाबाई, आणि तिकडे थंडीत उभं राहून आणलेली तिकिटं. ती निळूला घेऊन परसात गेली आणि उजेडाकडे तोंड करून त्याचा घसा बघत बसली. गेल्या माघात त्याला डांग्या खोकला झाला होता. तेव्हापासून दिवसातून एकदा तरी चमच्याच्या दांड्यानं त्याची जीभ दाबून ती घसा बघे. त्यालाही आता सवय झाली होती. चमचा दिसला की तो आपण होऊन आ करी.

दुसऱ्या दिवसापासून तिला घरात काय काय दिसू लागलं. सासूबाई निळूचा भात आपल्या पानात कालवायला लागल्या. दुपारी त्याला त्या आपल्या चटईवर घेत. 'आजीचा कोण?' म्हणून विचारत आणि 'मी' म्हणून शिकवत. यात वाईट काही नव्हतं. पोरानं हाल करून घेऊ नयेत म्हणूनच चाललं होतं ते. पण अनसूया वाती वळायला बसली की तिचे कान चटईकडे, निवडायला बसली की खडे तांदळात तसेच राहत.

"असं कर," सासूबाई एकदा म्हणाल्या. "नाटक कंपनी आल्ये. रविवारी दुपारी बायकांसाठी खेळ लावलाय. यमुनेबरोबर जाऊन ये. पोर माझ्यापाशी राहतं का, तेही कळेल."

नाटकाला पत्र्याचं थिएटर होतं. पुरुषांची तिकिटं पुढच्या खिडकीवर, बायकांची बाजूच्या बोळात. खिडकी म्हणजे फळीला पाडलेलं भोक. आतला माणूस दिसत नसे, नुसता हात दिसे. अनसूयेनं आपला हात आत घातला आणि एकच बोट वर केलं. का केलं ते तिलाच कळलं नाही. बोलली असती तर चाललं असतं. आतल्या हातानं एक गुलाबी चिठोरं तिच्या तळहातावर ठेवलं.

बायकांच्या दारावर गोदूबाई म्हणून एक धिप्पाड बाई उभी असे. तिकीट फाडायचं, अर्धं ठेवायचं, अर्धं परत द्यायचं, आणि दारात रेंगाळणाऱ्या पोरांना हाकलायचं, ही तिची कामं. आत सतरंज्यांवर बायका खेटून बसल्या होत्या. पेटीवाल्यानं सूर धरले, पडदा वर गेला, नांदी झाली. नायिकेचं काम करणारा मुलगा सुंदर गात होता. टाळ्या पडल्या, 'वन्स मोअर' झाला, तेच पद पुन्हा सुरू झालं. अनसूयेला वाटलं, हे पुन्हा कशाला, पुढं चला ना, संपवा लवकर. कुठंतरी मागं एक मूल खोकलं. तिनं मान वळवली. खोकला कोरडा नव्हता, सर्दीचा होता, आणि मूल कुणा परकीचं होतं. तरी पद संपेपर्यंत ती त्या खोकल्याचीच वाट बघत राहिली.

दुसरा अंक सुरू व्हायच्या आत ती उठली. यमुनाबाईंनी पदर ओढला. डोकं दुखतंय म्हणून तिनं सांगितलं.

दाराशी दोघी जावा उभ्या होत्या. एक आतून बाहेर आलेली, एक बाहेरून आत निघालेली. बाहेरचीच्या कडेवर मूल होतं ते आतलीनं घेतलं आणि आपलं अर्धं तिकीट तिच्या हाती दिलं.

"काय झालं आत्तापर्यंत?" बाहेरची विचारत होती.

"लग्न मोडलं. मामा लबाड आहे. जा."

एवढ्या शिदोरीवर ती दुसरी घाईघाईनं आत गेली. मूल घेतलेली बोळात येरझाऱ्या घालू लागली, आणि आतलं पद तीही गुणगुणत होती.

"तुमची कोन जाव येनार हाय काय?" गोदूबाईनं अनसूयेला विचारलं. "नाय? मग अर्धा ठेवा जवल. पोर निजला तर परत या. मी वलखीन."

अनसूया जवळजवळ धावतच घरी आली. दारातून सरळ आत न जाता ती कुंपणाशी थांबली, निवडुंगाआडून बघत. निळू रडून रडून निळा पडला असेल अशी तिनं वाटभर मनाची तयारी केली होती. निळू अंगणात बसला होता. सासूबाई करवंटीत माती भरून पालथी घालत होत्या आणि तो प्रत्येक ढिगाला हातानं मोडून हसत होता. त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलंसुद्धा, आणि पुन्हा करवंटीकडे वळला.

रडला असता तर तिला सोपं गेलं असतं. मग म्हणता आलं असतं, पाहिलंत ना, राहत नाही तो. आता काय म्हणणार? चार महिन्यांनी ती परत येईल तेव्हाही तो असाच एकदा रस्त्याकडे बघेल आणि करवंटीकडे वळेल. ती पाय घासून फाटकातून आत गेली.

"आलीस इतक्यात?" सासूबाई म्हणाल्या. "रडला नाही हो एकदाही."

"हो," अनसूया म्हणाली. "दिसलं मला."

सासूबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. घाईत एक चप्पल ती थिएटरातच विसरून आली होती.

मुंबईची आगबोट शुक्रवारची होती. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल, आणि बोटीसाठी जायचं तर मांडवीच्या धक्क्याला, म्हणजे पश्चिमेलाच. पंचांगात बुधवारची सकाळ चांगली होती. तेव्हा बुधवारी प्रस्थान ठेवायचं ठरलं. प्रस्थान म्हणजे निघणाऱ्या माणसाच्या अंगची एखादी वस्तू, तांदूळ, सुपारी नि हळकुंड असं धडप्यात बांधून वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस चांगल्या मुहूर्तावर निघाल्यातच जमा. मग प्रत्यक्ष निघायच्या दिवशी वाटेत ते उचलायचं आणि मागं न वळता पुढं जायचं. मध्ये ते घरी परत आणायचं नाही, गाठ सोडायची नाही. तसं केलं तर जाणाराच्या वाटेवर संकट, अशी समजूत. यमुनाबाईंचं घर मांडवीच्या बाजूला होतं, म्हणून ते तिथं जायचं होतं.

अनसूयेला कॉलेजात असताना या गोष्टींचं हसू येई. आता हसू आलं नाही, कारण त्या दोन दिवसांत तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. ट्रंक भरताना ती लोकरीची पायमोज्यांची जोडी आत ठेवी, बाहेर काढी. पायमोजे निळूचे होते. बाहेर काढून ते दोरीवर टाकी, पुन्हा उचली.

"तुझं एखादं वस्त्र दे गाठोड्यात घालायला," बुधवारी सकाळी सासूबाई देवघरातून म्हणाल्या.

तिनं आपला एक खण घडी करून घेतला. दोरीवर निळूची कुंची वाळत होती, खणाचीच, तिनं बाळंतपणात शिवलेली. पाठीवरचा झालरीचा भाग आता आखूड झाला होता तरी संध्याकाळचा वारा सुटला की तो तीच मागे. अनसूयेनं कुंची काढली, खणाच्या घडीत सारली, घडी दाबून चपटी केली, आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. हे सगळं तिनं शांतपणे, नीट बघून केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिला पाणी प्यावं लागलं.

सासूबाईंनी तांदूळ घातले, सुपारी ठेवली, हळकुंड ठेवलं. घडी उचलून ठेवताना त्यांचा हात जरा थांबला. अनसूया दारातून बघत होती. मग त्यांनी धडप्याची टोकं जुळवली आणि गाठ मारली. एकीवर दुसरी मारली. अप्पा ते गाठोडं स्वतः घेऊन यमुनाबाईंकडे गेले आणि त्यांच्या कोनाड्यात ठेवून आले.

संध्याकाळी वारा सुटला. निळू ओटीवर होता. त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले आणि कुंची मागितली.

अप्पांनी दोरी पाहिली, खुंटी पाहिली, पाळण्याखाली पाहिलं. गड्याला विहिरीकडे पाठवलं. अनसूया दिवा पुसत होती. तीच ती काच पुसत होती. सांगायचं तर आत्ताच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तोंड उघडलं. पण सासूबाईच आधी बोलल्या.

"शोधू नका. कुंची यमुनेकडे आहे. प्रस्थानात बांधल्ये."

अप्पांना पहिल्यांदा काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा ते झोपाळ्यावरून उठले.

"चुकून गेली असेल. जाऊन काढून आणतो."

"आणा की," सासूबाई म्हणाल्या. "गाठ तुम्हीच सोडा. वाटेत सुनेला काही झालं तर रघूला पत्रही तुम्हीच घाला."

अप्पा तसेच उभे राहिले. पंचांग त्यांनीच पाहिलं होतं, गाठोडं त्यांनीच नेलं होतं. पोराची वस्तू प्रस्थानात गेली म्हणजे पोर निघाल्यातच जमा होतं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी तिकडची थंडी काढली, आजार काढले, परमुलुख काढला. शेवटी तिकिटांवर आले. रघूनं गारठ्यात रांगेत उभं राहून तिकिटं काढली, ती काय फुकट घालवायची? मुलाला आत सोडत नाहीत हे स्वच्छ लिहिलंय त्यानं.

"ती मला कुंपणाशी उभी राहून बघत होती रविवारी, निवडुंगामागून," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अर्ध्या नाटकातून पळत आली, एका पायात चप्पल घालून. थिएटर इथं हाकेवर होतं म्हणून आली. तिथनं कशी पळत येईल? मध्ये समुद्र आहे."

अनसूयेनं काच खाली ठेवली. सासूबाई तिच्याकडे न बघता निळूच्या कानांना आपला पदर गुंडाळत होत्या. त्यांनीही गेल्या आठवड्यात त्याला भात भरवला होता, चटईवर घेतलं होतं, 'आजीचा कोण?' शिकवलं होतं. त्यांनाही त्याला सोडणं जडच जात होतं हे तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि एवढे दिवस ती त्यांच्यावर पहारा ठेवून होती याची तिला शरम वाटली.

"अप्पा," ती म्हणाली, "तिकिटं फुकट जाणार नाहीत. आम्ही आळीपाळीनं बघू. पहिला अर्धा खेळ एकानं, उरलेला दुसऱ्यानं. जो बाहेर असेल तो निळूला घेईल."

"आणि मध्येच आत सोडतील तुला?"

"मध्यंतरात सोडतील. न सोडून काय? तिकीट आहे ना."

अप्पा हसले नाहीत, पण झोपाळ्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी तार लिहायला कागद मागितला. दर शब्दाला पैसे पडतात म्हणून त्यांनी फार वेळ विचार केला, आणि इंग्रजीत 'मूल येते आहे' एवढंच लिहिलं. मग अनसूयेच्या मुंबईच्या भावाला दुसरी तार लिहिली, की बोटीच्या कचेरीत मुलाचीही नोंद करावी.

शुक्रवारी मांडवीला भरती होती. आगबोट लांब उभी होती आणि उतारूंना तिथवर न्यायला पडाव लागला होता. सासूबाई धक्क्याच्या अलीकडेच थांबल्या. निळूला त्यांनी घेतलं, लगेच परत दिलं, आणि यमुनाबाईंकडे तोंड करून भरतीबद्दल काहीतरी बोलू लागल्या. पडावावरच्या अहमद तांडेलानं निळूला एका हातानं उचलून आत घेतलं आणि अनसूयेला म्हणाला, "बसा भाबी, कठड्यापासून आत बसा. पोराला मांडीवर घ्या."

पडाव हलला. वारा समोरून येत होता. निळूनं दोन्ही हातांनी कान झाकले. अनसूयेच्या मांडीवर यमुनाबाईंच्या घरून उचललेलं गाठोडं होतं. आता वाट सुरू झाली होती, गाठ सोडायला हरकत नव्हती. पण सासूबाईंनी ती अशी आवळली होती की नखांनी सुटेना, शेवटी दात लावावे लागले. तांदूळ थोडे पडावात सांडले. कुंची काढून तिनं निळूच्या डोक्यावर चढवली आणि हनुवटीखाली बंद बांधले.

तो एकदा खोकला. ती थांबली. दुसऱ्या खोकल्याची वाट बघत तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. समुद्राच्या पाण्याचा ठसका असेल. असेलही.

त्या मोठ्या नाटकगृहात बाहेर बसायला बाक असेल का? बोळ गारठलेला असेल का? दारावर कोण असेल, आणि तो गोदूबाईसारखा ओळख ठेवील का? तिनं मनात ठरवून टाकलं, की पहिला अर्धा डॉक्टरांनी बघायचा. मग मध्यंतरात दाराशी मूल घेताना त्यांना गोष्ट सांगावी लागेल, थोडक्यात, आणि त्यांना थोडक्यात काही सांगता येत नाही. निळू तोवर त्यांच्याकडे जाईल ना? ते कोण, हे त्याला कुठं माहीत होतं. ते बोटीवर शिकवायला हवं.

धक्क्यावरची माणसं लहान होत गेली. निळू पुन्हा खोकला नव्हता. तरी तिनं त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि चमचा नव्हता तरी त्यानं आपण होऊन आ केला.